भूतानमध्ये फील्डवर्क: शाश्वत विकास नेमका बघायचा कुठे?

भटकी_मैना: एम.ए. भूगोल, दुसरं वर्ष. नोव्हेंबरात आमच्या बॅचचं दहा दिवसांचं फील्डवर्क भूतानला ठरतंय. विषय 'शाश्वत विकास', बस एवढंच. सर म्हणाले, प्रश्न तुम्ही शोधा. सकल राष्ट्रीय आनंदावर, म्हणजे देशाची प्रगती लोकांच्या समाधानावरून मोजायच्या भूतानच्या कल्पनेवर, प्रश्नावली करावी असं डोक्यात आहे. कोणी जाऊन आलंय का? थिम्फूतच राहावं की बाहेर पडावं?

नदीकाठ: प्रश्नावली आधी फाडून टाक :) आम्ही तेच करून बसलो होतो. पहिलाच प्रश्न, 'तुम्ही आनंदी आहात का?' दारोदार एकच उत्तर, हो. पाहुण्याला कोण नाही म्हणेल? त्यांच्या सरकारी सर्वेक्षणात ९ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक आहेत, दहा दिवसांत तू त्यात काय भर घालणार?

फोबजिखा खोऱ्यात जा. तिबेटातून काळ्या मानेचे क्रौंच हिवाळ्याला तिथे उतरतात. त्यांना अडथळा नको म्हणून खोऱ्यात वीज जमिनीखालच्या केबलने नेलीय. कागदावर अगदी आदर्श उदाहरण. आम्ही जुलैत गेलो होतो, क्रौंच नव्हतेच. बटाट्याच्या शेताच्या कडेला राखणीचं खोपटं होतं. आत विझलेली चूल, घोंगडी, आणि दोरीला बांधलेला पत्र्याचा डबा. रात्री रानडुकरं आली की शेतावरच्या आजी दोरी ओढून डबा वाजवायच्या. मुलगा ऑस्ट्रेलियात, म्हणून राखणही त्यांच्याच गळ्यात. किमान ६० टक्के भूमी कायम जंगलाखाली राहील असं भूतानच्या २००८च्या संविधानातच आहे. ते जंगल आजींच्या कुंपणापलीकडे सुरू होतं. आमचा खरा प्रश्न त्या डब्यापाशी सापडला: जंगल राखायची किंमत कोण मोजतं? तोवर सहा दिवस वाया गेले होते.

जुना_बोरू: नदीकाठला अनुमोदन. आता रुक्ष कामाचं. शाश्वत विकास शुल्क बजेटमध्ये धरा: भारतीयांना दर रात्री १,२०० न्गुलत्रुम (भूतानचं चलन), इतर बहुतेक परदेशी पर्यटकांना १०० डॉलर. रॉयल युनिव्हर्सिटी ऑफ भूतानच्या एखाद्या कॉलेजशी आधीच पत्रव्यवहार करा, तिथले विद्यार्थी सोबत असले तर निम्मं काम होतं. गावात गेल्यावर पहिली भेट गुपची, म्हणजे गेवोगच्या (गावांच्या गटाच्या) निवडून आलेल्या प्रमुखाची. आणि दुभाष्याला 'शाश्वत' वगैरे शब्द देऊ नका. 'गेल्या वर्षी किती पोती डुकरांच्या तोंडी गेली?' असं विचारा.

उलटा_प्रवाह: सगळं बरोबर, पण क्रौंच आणि बटाटा म्हणजे भूतान नव्हे. देशाची मोठी कमाई जलविद्युतीची, गिऱ्हाईक भारत. हिवाळ्यात नद्या आटल्या की हाच देश भारताकडून वीज विकत घेतो. १९९४ला लुग्ग्ये त्शो हा हिमतलाव फुटून पुनाखापर्यंत पूर आला होता, तिथली नदी बघाच. आनंदावर लिहायचंच असेल तर १९९०च्या दशकात देशाबाहेर पडावं लागलेल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांबद्दल आधी वाचा. नाहीतर अहवाल पर्यटनाचं माहितीपत्रक होईल.

भटकी_मैना: बापरे, डोळे उघडले. पुनाखात दोन दिवस आणि मुक्काम फोबजिखात, असं सरांना सुचवते. पण नोव्हेंबरात राखण दिसेल का?

नदीकाठ: नाही, बटाटा निघालेला असेल. उलट बरंच, लोकांना बोलायला सवड असते. फक्त ११ तारखेला मुलाखती ठेवू नकोस. तिथल्या गांगतेय गोम्पात (बौद्ध मठात) क्रौंच महोत्सव असतो, घरी कोणी सापडणार नाही.