मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन गिब रिव्हर रोड, पेन्टेकोस्ट नदी टाळता येईल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही ऑस्ट्रेलियात डार्विनला असतो. साताऱ्याहून आई-बाबा आलेत (वय ६४ आणि ७०). जुलैच्या सुट्टीत त्यांना पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यातला किम्बर्ली भाग दाखवायचं मनात आहे. गिब रिव्हर रोड, म्हणजे कुनुनुर्राच्या बाजूने शिरून डर्बीला बाहेर. साधारण ६६० किमी, बराचसा कच्चा. आठ-नऊ दिवस हाताशी आहेत. गाडी भाड्याची फोर व्हील ड्राइव्ह, छतावर तंबू. आई-बाबांसाठी खाली वेगळा तंबू, कारण शिडी चढणं बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही.

खरी भीती पेन्टेकोस्ट नदीची. कुनुनुर्राकडून गेलं की ती पहिल्याच दिवशी आडवी येते. पूल नाही, पात्र रुंद, तळाशी दगडगोटे, आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरी. त्यामुळे आधी चालत जाऊन खोली बघायची सोय नाही. भाडेकरारात बारीक अक्षरात लिहिलंय की पाण्याने झालेलं नुकसान विम्यात धरत नाहीत. ते वाचल्यापासून बायको नकाशा काढला की उठून जाते.

दुसरं, सामान. सरावासाठी गेल्या आठवड्यात लिचफिल्डच्या कच्च्या रस्त्यावर गेलो होतो. पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखं. तासाभराने मागचं दार उघडलं तर हळदीच्या बरणीचं फिरकीचं झाकण थरथरून आपोआप उघडलेलं, आणि उशा, पोहे, बाबांची कानटोपी, सगळं पिवळं. काय बांधायचं, कसं बांधायचं?

---

प्रतिसाद १

टायरमध्ये हवा किती होती? चाळीस पीएसआय असेल तर हळदीचा दोष नाही. कच्च्यावर २८-३० ठेवा, वेग ६०-७०. डांबरी लागली की परत भरा, छोटा कॉम्प्रेसर हवाच. बरण्यांच्या झाकणांना चिकटपट्टी आणि प्रत्येक बरणी जुन्या मोज्यात. हसू नका, आमची काचेची एकही फुटली नाही. दोन स्पेअर टायर मिळाले तर घ्या. फोनला रेंज नसते, सॅटेलाइट फोन भाड्याने मिळतो.

प्रतिसाद २

जुलैत पेन्टेकोस्टला पाणी बहुधा उतरलेलं असतं. दुसरी गाडी येईपर्यंत थांबायचं, ती कुठून जाते ते बघायचं, लो रेंजमध्ये (फोर व्हील ड्राइव्हचे कमी वेगाचे, जास्त ताकदीचे गिअर) दुसरा गिअर टाकून एका लयीत जायचं. मध्येच गिअर बदलायचा नाही.

पण खरं सांगू? विमा नसेल आणि सोबत सत्तरीचे वडील असतील तर मी तिथून जाणार नाही. कुनुनुर्राहून डांबरीने हॉल्स क्रीक, फिट्झरॉय क्रॉसिंग असे या. तिथे डिझेल भरा. पुढे चाळीसेक किमीवर उजवीकडे फेअरफिल्ड-लेपोल्ड डाउन्स रस्ता फुटतो. त्यावर टनेल क्रीक आणि विंजाना गॉर्ज (गॉर्ज म्हणजे खोल घळ), मग गिब रिव्हर रोडला लागता. बेल गॉर्ज करून माउंट बार्नेटपर्यंत जायचं आणि डर्बीला बाहेर पडायचं. ओढे लागतील, पेन्टेकोस्ट नाही. भाडेकरारात मात्र या रस्त्यांना परवानगी आहे ना, ते पडताळून घ्या. माउंट बार्नेटला डिझेल मिळतं, भाव बघून डोळे फिरतील.

आई-बाबांसाठी विंजाना उत्तम, सपाट वाट. गोड्या पाण्यातल्या मगरी वाळूवर पडलेल्या असतात, लांबूनच बघा. गॅल्व्हन्स गॉर्जही रस्त्यापासून जवळ. टनेल क्रीकमध्ये बोगद्याच्या अंधारात गार पाण्यातून चालावं लागतं, तिथे बाबांना बाहेर बसवा. बुनुबा लोकांचा लढवय्या जांडामारा १८९७ मध्ये तिथेच मारला गेला, ती गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि वाटेत बोआब झाडं दिसतील. आपल्याकडच्या गोरखचिंचेची सख्खी चुलत बहीण. बाबा ओळखतील.

प्रतिसाद ३

राज्याच्या सीमेवर, कुनुनुर्राच्या अलीकडे, तपासणी नाका आहे. ताजी फळं, भाज्या, मध पुढे नेऊ देत नाहीत. भाजी कुनुनुर्रात घ्या. आमच्या सासूबाईंचा घरच्या झाडाचा कढीपत्ता गेला, पुढे दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पेन्टेकोस्ट टाळून फिट्झरॉय क्रॉसिंगवरून जायचं आणि डर्बीला बाहेर पडायचं नक्की. बायको परत नकाशा बघायला बसली. हवा ३८ होती, कबूल. गोरखचिंच म्हटल्यावर बाबांचा प्रश्न: "फळ तसंच आंबट लागतं का?"

लिंबं नाक्यावर काढून घेतील म्हटलं तर आई म्हणते, मग लोणचंच घेऊ. घरी मुरलेलं लिंबाचं लोणचं कुणी नेलंय का त्या नाक्यावरून?