गावच्या रस्त्याला सरसकट ताशी ५० किमी स्पीड लिमिटची पाटी चालेल का?

सत्तरीकर: आमच्या वाड्याच्या वळणावर एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला शेत, आणि चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गवत एवढं वाढतं की समोरची स्कूटर दिसतच नाही. गेल्या पावसात पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, पोंक पोंक करत सायकलवरून येत होता, रेंटच्या गाडीने त्याला वळणावरच उडवलं, हात मोडला त्याचा, पाव सगळे चिखलात. पाटी ५० ची. रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबाने ५० ला गाडी थांबायला ६० मीटर धरतात, २५ ला २५ मीटर. मी टेप लावून मोजलं, तिथे जेमतेम २५ मीटर दिसतं. मग तिथे ५० कशाला? आधी नजर किती पोचते ते मोजा, मग आकडा लिहा.

रोजचा वाळपई-पणजी: नाही पटलं. वळणावळणाला २५ च्या पाट्या लावल्या तर कोणी बघणार पण नाही, आणि जिथे खरंच धोका आहे तिथल्या पाटीचीही किंमत जाईल. १०० पैकी ८५ गाड्या ज्या स्पीडच्या आत चालतात तो बघून लिमिट ठरवतात, ते उगाच नाही. गवत कापा, आरसा लावा.

सत्तरीकर: त्या ८५ त गाड्याच मोजल्या ना? पोदेर आणि शाळेला चालत जाणारी पोरं कुठल्या आकड्यात येतात?

डिचोलीची सून: पाटीपेक्षा स्पीडब्रेकर बरा, पण नियमातला. ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच पाहिजे, आमच्याकडे रात्रीत डांबराचा उभा बांध घातला, रंग नाही काही नाही, सासूबाई मागच्या सीटवरून पडल्या.

रोजचा वाळपई-पणजी: बघा, हेच. आणि पावसात गुरं रस्त्यावर बसतात, ती काय पाटी वाचून उठणार?

सत्तरीकर: गुरं बसतात म्हणूनच हळू पाहिजे ना! हायवेवर ब्लॅकस्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरायला ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत ५ मोठे अपघात नाहीतर १० मृत्यू लागतात, आमच्या पोदेराची तर पोलिसात नोंदच नाही, मग आमचं वळण कुठल्या यादीत येणार? मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली ठराविक रस्त्यावर लिमिट कमी करता येतं, येत्या ग्रामसभेत ठराव मांडतोय.

रोजचा वाळपई-पणजी: गवत कापायला रविवारी कोयता घेऊन येतो. २५ च्या पाटीला मात्र माझा विरोधच.