ती बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात?

मांडवीकाठ
काल भाच्याला घेऊन पणजीला निघाले होते. अटल सेतूवरून खाली बघत त्याने विचारलं, "मावशी, इथे तीन तीन पूल कशाला?" त्याला काहीतरी सांगून गप्प केलं, पण माझ्या डोक्यात दिवसभर ५ जुलै १९८६ फिरत राहिला.

तेव्हा आम्ही सुकूरला राहायचो. बाबा सांताक्रूझला आत्याकडे गेले होते. भर पावसाळा. शेजारचे काका अंगणातूनच ओरडत आले, "पूल पडलो! पूल पडलो!" आईने विचारलं, "खंयचो?" मांडवीवर तेव्हा पूल एकच होता, तरी विचारलं तिने. फोन वाड्यावर एकाच घरी, तोही पावसात बंद पडलेला. आजोबा छत्री घेऊन बेतीच्या धक्क्यावर निघाले, मी रडून त्यांच्याबरोबर गेले.

धक्क्यावर ही गर्दी. पलीकडून फेरीबोट आली की तिची लोखंडी फळी धाडकन सिमेंटवर पडायची आणि सगळे माना उंच करून उतरणाऱ्यांची तोंडं बघायचे. कुणाचं माणूस दिसलं की मोठ्याने हाक. ज्यांचं नाही दिसलं ते परत मागे सरकून उभे. बाबा उतरले ते नखशिखांत भिजलेले, काखेत पेपरात गुंडाळलेले पाव, त्यांचा पार लगदा झालेला. आजोबांनी एवढंच विचारलं, "जेवलास?" त्या दिवशी त्या पुलावर असलेली सगळीच माणसं घरी परत आली नाहीत, हे मला मोठी झाल्यावर कळलं.

तुम्हीही लिहा. गोव्यातली, देशातली, जगातली कुठलीही मोठी बातमी चालेल. ती कळली तेव्हा कुठे होतात, बरोबर कोण होतं?

फोंडेकर
१७ मार्च २०१९, रविवार संध्याकाळ. शिगमा तोंडावर आलेला, देवळासमोर रोमटामेळाची तालीम चालली होती. ढोल बडवणाऱ्या एका मुलाने मधेच खिशातला फोन बघितला आणि त्याचा हात थांबला. मग दुसऱ्याचा. ताशेवाला लहान होता, त्याला कळेना काय झालं, तो वाजवतच राहिला. भाई, मनोहर पर्रीकर, गेले.

आजार काय आहे हे अख्ख्या गोव्याला माहीत होतं. तू म्हणतेस त्याच अटल सेतूच्या उद्घाटनाला, जानेवारीत, नाकात नळी घालून आले होते. तरीसुद्धा बातमी ऐकून पोटात खड्डा पडला. दुसऱ्या दिवशी कला अकादमीच्या रांगेत उभा होतो. ऊन मी म्हणत होतं. माझ्यापुढे मांद्र्याची एक म्हातारी, पहिल्या कदंबा बसने आलेली. ओळख ना पाळख, पण माझा हात धरून उभी होती. "माझ्या नातवाचें काम केल्लें ताणें," एवढंच परत परत म्हणायची. काय काम ते मी विचारलं नाही.

माशेलची सून
सासूबाई शेजारी बसून सांगतायत, मी टाइप करतेय, चुका असतील तर सांभाळून घ्या.

डिसेंबर १९६१. त्या तेव्हा लग्न होऊन नव्या आलेल्या. पोर्तुगिजांनी जाता जाता बाणस्तारीचा पूल उडवला, त्या आवाजाने मांडणीवरची पितळेची भांडी खाली आली. त्यांना वाटलं आपल्याच घरावर बॉम्ब पडला. सगळे मागच्या कुळागरात जाऊन बसले. सासऱ्यांच्या आईने दागिने पानाच्या डब्यात घालून माडाच्या मुळाशी पुरले. पुढे मागे सैन्य आलं म्हणून कुणीतरी सांगत आलं, पण "कुणाचं सैन्य?" हे विचारायचं धाडस कुणाला होईना. नंतर रस्त्यावर "पाखले गेले, पाखले गेले", म्हणजे पोर्तुगीज गेले, असा गलका झाला तेव्हा बाहेर आले.

आता म्हणतायत की तुमची पूल पडला त्याची गोष्ट ऐकली, पण आपलं सैन्य बेतीला येऊन थांबलं तेव्हा मांडवीवर पूलच नव्हता, १९ तारखेला नदी पार करूनच पणजीत शिरावं लागलं, हे पण लिही. लिहिलं बाई. 😄

मांडवीकाठ
@माशेलची सून, आजींना माझा नमस्कार सांग. आणि हे सगळं त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेव, आजच.

खारवीवाडा
दागिने मिळाले का परत??

माशेलची सून
मिळाले. त्यातल्या पाटल्या माझ्या हातात आहेत.

दोनपानां
माझी आठवण जनमत कौलाची. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं, त्यानंतर मोजणी काही संपता संपेना. मी लहान, पण घरातला ताण कळत होता. आमच्या वडिलांकडचे सगळे फुलाचे, महाराष्ट्रात विलीन व्हायच्या बाजूचे. आईचं माहेर मडगावचं, ते दोन पानांचे, गोवा वेगळा ठेवायच्या बाजूचे. त्या दिवसांत आई माहेरी गेली नाही, मामाही आमच्याकडे आला नाही. रेडिओ आजोबांच्या खाटेजवळ. निकाल लागला, १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. आजोबांनी रेडिओ बंद केला, कोट चढवला आणि शेतावर निघून गेले. आई स्वयंपाकघरात होती. तिचा चेहरा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. ती खोबरं किसत होती आणि मला म्हणाली, "आजोबांकडे आज कोणी काही बोलायचं नाही." तिची बाजू जिंकली होती, पण त्या घरात तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. मामा थेट चवथीला, गणपतीत आला, माटोळीचं सामान घेऊन. आजोबांनी स्वतः उठून त्याच्या हातातली पिशवी घेतली.

मी मराठीत शिकलो, मराठीत लिहितो, आणि गोवा वेगळा राहिला याचा मला आनंद आहे. या दोन्ही गोष्टी मला एका घरातच मिळाल्या.

काजूबोंडू
सुंदर लिहिलंत काका. आमच्याकडे पण अगदी असंच, फक्त उलटं. आजी फुलाची, आजोबा पानांचे 😀

सत्तरीचा
मला १२ ऑगस्ट १९७३ आठवतो. रविवार. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले. आमच्या गावात चूल पेटली नाही हे ऐकीव नाही, मी स्वतः उपाशी झोपलो होतो. गावात मराठी शाळा त्यांच्यामुळे आली, माझ्या घराण्यात अक्षर गिरवणारा मी पहिला. तीन दिवसांनी १५ ऑगस्ट. मास्तरांनी झेंडा लावला, भाषणाला उभे राहिले आणि एक वाक्य बोलून खाली बसले. आम्ही पोरं खाऊची वाट बघत होतो, त्या वर्षी कुणी वाटलाच नाही आणि कुणी मागितलाही नाही.

म्हापसा बाजार
इंदिरा गांधी. शाळेत होते, अचानक सुट्टी दिली, कारण सांगितलं नाही. घरी आले तर वडील ट्रान्झिस्टर कानाला लावून बीबीसी लावत होते. आकाशवाणीवर संध्याकाळपर्यंत गाणी बंद आणि नुसती सतार. वडील म्हणाले, सतार लागली म्हणजे संपलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते अशासाठी की आदल्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्रकुलाचे सगळे पुढारी आग्वादला आले होते, तेव्हा त्या आलेल्या. रस्ते नवे केलेले, आम्हाला झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभं केलं होतं. गाड्या भरकन गेल्या. कुठल्या गाडीत त्या होत्या कळलं नाही, पण मैत्रीण आणि मी दोघी सांगायचो की आमच्याकडे बघून हात हलवला.

खारवीवाडा
हलवला असेलच गं!

गालजीबाग
२ ऑक्टोबर २००९. काणकोण. आमचं घर पैंगीणला. गांधी जयंतीची सुट्टी म्हणून मी घरी. पाऊस असा की पत्र्यावरच्या आवाजात समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. मग ओहोळाचं पाणी अंगणात, तिथून ओसरीवर, आणि बघता बघता आत. पाणी तांबडंलाल, डोंगराची माती घेऊन आलेलं, आणि वास ओल्या मुळांचा. गोठ्यातल्या गाईंची दावी बाबांनी कोयत्याने तोडली, त्या कुठे गेल्या ते बघायला वेळ नव्हता. आम्ही वरच्या घरात चढलो. लाईट नाही, फोन नाही. दुसऱ्या दिवशी एका शेजाऱ्याच्या मोबाईलला जरा रेंज आली आणि पहिला फोन पुण्याहून चुलतभावाचा, "टीव्हीवर काणकोण दाखवतायत, तुम्ही कुठे आहात?" काय सांगू त्याला कळेना. म्हटलं, आहोत.

एक गाय परत आली.

मांडवीकाठ
गालजीबाग, वाचून अंगावर काटा आला. घर उभं राहिलं का पुन्हा?

गालजीबाग
हो, थोडं वर बांधलं. गणपतीची खोली आधी, बाकीचं नंतर.

तारवटीण
माझा नवरा तारवटी, जहाजावर नोकरीला. मार्च २०२० ला तो क्रूझवर. जनता कर्फ्यूच्या दिवशी मी वास्कोच्या गॅलरीत मुलीबरोबर थाळी वाजवत होते तेव्हा त्याचा मेसेज आला की जहाज कुठल्याच बंदराला लागू देत नाहीयेत. थाळी हातातच राहिली. पुढे लॉकडाऊन. पहिले काही दिवस आमच्याकडे किराणा दुकानंसुद्धा बंद, खालच्या मजल्यावरच्या काकींनी तांदूळ आणि सुके बांगडे दिले, त्यावर काढले. पण खरं सांगू, भूक लागायचीच नाही. रात्री मुलगी झोपली की नकाशा उघडून जहाज कुठे दिसतंय ते बघत बसायचे. तो आला तेव्हा उन्हाळा कधीच संपला होता. ज्यांचे उशिरा आले किंवा आलेच नाहीत, त्यांच्यासाठी आजही जीव तुटतो.

काजूबोंडू
काळजी घ्या ताई. 🙏 आता कुठे असतात ते?

तारवटीण
परत तारवावरच. पोट आहे ना. चवथीला येणार म्हणतायत.

शेवटचीबस
नोटबंदी. आठ नोव्हेंबरच्या मंगळवारी बातमी आली तेव्हा मी जेवत होतो, त्यात विशेष काही नाही. सांगायचंय ते पुढच्या शुक्रवारचं. म्हापशाच्या बाजारात पाकिटात दोन पाचशेच्या नोटा आणि सुटे नाहीत. नेहमीच्या नुस्तेकान्नीपुढे, मासळीवालीपुढे, नुसता उभा राहिलो. तिने बांगडे पिशवीत घातले आणि म्हणाली, "व्हर रे पुता, मागीर दी." त्या दिवशी तिने असे कितीजणांना दिले असतील. वही नाही, काही नाही.

फोंडेकर
बांगड्याचा विषय निघालाच आहे तर, म्हापशात हल्ली चांगलं नुस्तें कुठल्या बाजूला मिळतं? आमच्या बाजारात भाव ऐकवत नाहीत.

शेवटचीबस
सकाळी लवकर ये, मी दाखवतो.

मंगेशी
६ फेब्रुवारी २०२२, सकाळ. लतादीदी. मी फुलं काढत होते. पुतण्या बाहेर येऊन म्हणाला, "काकी, दीदी गेल्या." आमच्या गावात दीदी म्हटलं की आडनाव लागत नाही. दीनानाथांचा गाव हा, त्यामुळे त्यांच्या घराण्याचं सगळं आमच्याकडे घरातलंच असल्यासारखं. विधानसभेची निवडणूक आठवड्यावर आलेली, रोज कर्ण्यांचा गोंगाट. त्या दिवशी प्रचाराची रिक्षा वाड्यावर आली ती आवाज बंद करून आणि तशीच वळून गेली. दुपारी देवळात गेले. कोणी गात नव्हतं, कोणी गाणीही लावली नव्हती. संध्याकाळी मात्र घराघरातून रेडिओ ऐकू यायला लागले, प्रत्येक घरात वेगळं गाणं.

कदंबा५वाजता
एक आनंदाची पण लिहू का? २३ ऑगस्ट २०२३, पणजी बसस्टँड. डिचोलीच्या बसच्या रांगेत एका मुलीच्या मोबाईलवर चांद्रयान. आधी आम्ही चौघं डोकावत होतो, मग वीसेकजण. कंडक्टर "डिचोली डिचोली" ओरडत आला आणि तोही मागे उभा राहिला. सहा वाजून गेल्यावर ते उतरलं आणि अख्ख्या फलाटावर टाळ्या. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. ती मुलगी इंजिनिअरिंगची होती, रडत होती आणि हसत होती, आणि आम्हा सगळ्यांना लँडर म्हणजे काय, रोव्हर म्हणजे काय ते समजावत होती. बस उशिरा सुटली, एकानेही तक्रार केली नाही.

सत्तरीचा
वा! मी तेव्हा वाळपईच्या हॉटेलात होतो. मालकाने सगळ्यांना चहा फुकट दिला.

माशेलची सून
सासूबाई विचारतायत, ती मुलगी आता काय करते?

कदंबा५वाजता
नाव विचारायचं राहून गेलं आजी. पण डिचोलीचीच असावी, त्याच बसला चढली. परत दिसली तर नक्की विचारतो.