मदत हवी आहे: दोन चलांच्या फलाला वेगवेगळं सातत्य (एक चल स्थिर ठेवून दुसऱ्यात) आहे, संयुक्त (दोन्ही चलं एकदम बदलली तरी) मिळेल का?

ग = [०,१] वरच्या मापनीय फलांचा बेरीज-गट, अभिसरण ‘जवळपास सर्वत्र’, म्हणजे शून्य मापाचा संच सोडून प्रत्येक बिंदूवर (हे कुठल्याच टोपोलॉजीतून, म्हणजे सामीप्यांच्या रचनेतून, येत नाही). ह = बानाख अवकाश (पूर्ण नॉर्म-अवकाश). ब : ग×ह → ग दोन्ही चलांत योगशील (बेरीज जपणारं), प्रत्येक चलात वेगळं संतत. म्हणून संयुक्त सातत्य (०,०) पाशी तपासलं की पुरे.

निकालाचं (ब च्या किमतींचं) अभिसरण मापानुसार (ठराविक फरकापेक्षा दूर असलेल्या बिंदूंच्या संचाचं माप ०कडे) घेतलं तर उपक्रमिका काढून बेअर प्रमेयाने (पूर्ण अवकाशांबद्दलचं, म्हणून ह ची पूर्णता लागते) काम होतं. ‘जवळपास सर्वत्र’ ठेवलं की सामीप्यंच उरत नाहीत, गाडी तिथेच अडते.

ह ची पूर्णता सोडा म्हणू नका, त्याशिवाय हे खोटं ठरतं. [०,१] वरच्या बहुपदींवर एल-१ नॉर्म (∫|प|), ब(प,फ)=∫प·फ घ्या: प=फ=√न·क्ष^न चा नॉर्म √न/(न+१)→०, समाकल मात्र न/(२न+१)→१/२.

नागपुरात कोणी असेल तर बर्डीवर (सीताबर्डी) भेटूनही बोलू. फलांची क्रमिका जवळपास सर्वत्र ०कडे आणि ह मधली नॉर्ममध्ये ०कडे गेली, तर ब ची क्रमिका जवळपास सर्वत्र ०कडे जातेच का, की प्रतिउदाहरण आहे?