मुंबई ते नेवार्क: आईबाबांसाठी थेट विमान की मध्ये थांबा?

मन्या_नाशिककर: आई ६४, बाबा ७१, दोघांची पहिलीच परदेशवारी. ताई नेवार्कजवळ, न्यू जर्सीतल्या एडिसनला असते. अमेरिकेचा व्हिसा झालाय. बजेट जाऊन-येऊन माणशी लाखभर, त्यावर नाही. जास्त वेळ बसलं की बाबांचे गुडघे आखडतात. अंतर किती, तास किती, आणि थेट न्यावं की थांबा घ्यावा?

सह्याद्रीतला_ढग: थेटच, डोळे मिटून! साडेबारा हजार किमी. जाताना पंधरा-सोळा तास, येताना थोडे कमी. सासूबाईंना आम्ही असंच आणतो. लाखात बसणार नाही, पण आईवडिलांसाठी पैसे काय बघायचे?

मन्या_नाशिककर: पैसेच बघतोय हो.

गोट्या२१: येताना कमी लागतात कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते.

भूगोलाच्या_बाई: गोट्या, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे येतात, जेट स्ट्रीम. जाताना ते तोंडावर, येताना पाठीशी. मन्या, पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, लंडन जवळपास वाटेतच आहे. मुंबई-लंडन ७२०० किमी, पुढे नेवार्क साडेपाच हजार. थेटपेक्षा जेमतेम दोन-अडीचशे जादा. वेळ जातो तो थांब्यात.

गोट्या२१: म्हणजे पृथ्वी फिरते हे तर खरंच ना?

बापू_बिझनेसवाले: बिझनेस क्लास घ्या. आडवं झोपता येतं. मी तर इकॉनॉमी विसरलोच.

ढेबेवाडी_एक्स्प्रेस: बापू, तिकीट कंपनीचं ना?

ठाणे_ते_टेक्सास: अबुधाबी! अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, पलीकडे उतरलं की बॅगा घ्यायच्या आणि बाहेर. मात्र थांबा मोठा घ्या, नाहीतर पळापळ. विमान नेवार्कला नाही, न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर जातं, ताईंना गाडी घेऊन तिकडे यावं लागेल.

चिंगी_चिडली: थांब्याचं नाव काढू नका. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली. पहिलं विमान लेट, दुसऱ्या कंपनीने हात वर केले. रात्रभर खुर्चीत. घ्यायचाच असेल थांबा, तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत, म्हणजे जबाबदारी त्यांची. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगा. आणि अमेरिकेचा व्हिसा असला की लंडनला विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायला वेगळा व्हिसा लागत नाही.

ढेबेवाडी_एक्स्प्रेस: लोणचं हातातल्या बॅगेत नको, सिक्युरिटीला काढून घेतात. चेक-इनमध्ये.

गोट्या२१: कैरीचं की लिंबाचं?

सह्याद्रीतला_ढग: पुन्हा सांगतो, थेट.

बापू_बिझनेसवाले: थेट, पण बिझनेस.

ठाणे_ते_टेक्सास: अबुधाबी.

मन्या_नाशिककर: सगळ्यांचे आभार. बाबांनी परस्परच ठरवलं. लंडनमार्गे, चार तासांचा थांबा, एकच पीएनआर, माणशी ९४ हजार. "सोळा तास एका जागी बसायला मी काय गणपती आहे का? मध्ये पाय मोकळे करीन," म्हणाले. व्हीलचेअर आईसाठी सांगितलीय, बाबा बसणार नाहीत म्हणे.

सह्याद्रीतला_ढग: थेट घ्यायला हवं होतं.