घरच्या मराठीसाठी शॉर्टहँड अजून कोणी वापरतं का?

पेन्सिलवाली
मंडळी, प्रश्न छोटाच आहे, पण आधी थोडं पाल्हाळ सहन करा.

मी इंग्रजी पिटमन (शॉर्टहँडची एक पद्धत) शिकले 1981 साली, डोंबिवलीला स्टेशनजवळच्या एका टायपिंग क्लासात. सर टेबलावर घड्याळ ठेवून इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाचायचे आणि आम्ही माना खाली घालून रेघोट्या मारायचो. पुढे नोकरीभर साहेबांची पत्रं घेतली. निवृत्त झाल्यावर वाटलं, संपलं हे प्रकरण. पण हात ऐकेना. फोनवर कोणी पत्ता सांगायला लागलं की पेन्सिल आपसूक शॉर्टहँडमध्येच चालते. आता वाणसामानाची यादी, आईच्या डॉक्टरांच्या सूचना, नणंदेने सांगितलेली कैरीच्या लोणच्याची कृती, सगळं त्यातच. यादी मुलाच्या हाती देऊन त्याला दुकानात पिटाळता येत नाही, एवढाच तोटा.

पिटमन उच्चारावर चालतं, स्पेलिंगवर नाही, म्हणून मराठी बऱ्यापैकी बसते. ळची सोय मी करून घेतली आहे. 'एल'चा स्ट्रोक, म्हणजे त्या अक्षराची रेघ, खालून वर काढता येतो तसा वरून खालीही. वर जाणारा तो ल, खाली येणारा तो ळ. म्हणजे 'काल' आणि 'काळ' वेगळे राहतात. ('नळ' लिहिताना तर नियमानेच तो खाली येतो, ते फुकटात मिळालं.) ऑफिसातले फ्रेज (अनेक शब्द जोडून एकत्र लिहिलेली खूण) मात्र घरी अगदी कुचकामी. 'आय अ‍ॅम डायरेक्टेड टु' एका झटक्यात लिहिता येतं, पण आमच्या घरात कोण कोणाचं ऐकतं! म्हणून 'जेवणानंतर', 'तीन शिट्ट्या', 'उद्या सकाळी' यांचे माझे मीच फ्रेज केले. इंग्रजी 'द' (the) या शब्दासाठी ओळीवर जे टिंब देतात ते मराठीत रिकामंच होतं, ते 'आहे'ला दिलं. 'नाही' मात्र पूर्ण लिहिते. औषधांच्या बाबतीत तिथे काटकसर नको.

अडलंय ते ण आणि ख, घ, भ यांच्यापाशी. 'काट' आणि 'खाट' सारखेच दिसतात. कोणी काय करतं?

खिशात_मोबाईल
गंमत म्हणून ठीक आहे, पण मोबाईलवर रेकॉर्ड का नाही करत? डॉक्टरांचं बोलणं शब्दशः मिळेल.

पेन्सिलवाली
मिळेल हो, पण मग घरी येऊन दहा मिनिटांचं बोलणं दहा मिनिटं ऐकायचं. वहीत मला 'रात्रीची गोळी अर्धी' एका नजरेत सापडतं. शिवाय रेकॉर्डिंग सुरू केलं की माणसं जपून बोलतात. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी कोपऱ्यात बसून लिहिते, तिकडे कोणाचं लक्षही नसतं. नंतर एखादे सभासद 'मी असं बोललोच नाही' म्हणाले की त्यांचंच वाक्य वाचून दाखवते, मध्येच घेतलेल्या 'काय आहे ना' सकट. त्यामुळे पार्किंगच्या विषयावर हल्ली मला चहा आधी मिळतो.

ऐंशीवरून_शंभर
काकू, धागा वाचून बरं वाटलं. मी सध्या मराठी लघुलेखनाची तयारी करतोय. सरकारी जाहिरातींत अजून मागतात: लघुटंकलेखकाला 80, निम्नश्रेणी लघुलेखकाला 100, उच्चश्रेणीला 120 शब्द प्रति मिनिट. मित्र हसतात, पण जागा निघतात. मराठी पद्धतीत ळ, ख, घ यांची सोय मुळातच आहे. तीच शिकून घ्या ना!
माझा प्रश्न असा की ऐंशीला हात चालतो, शंभरला मागे पडतो. काय करू?

पेन्सिलवाली
बाळा, या वयात दुसरी पद्धत शिकले तर दोन्ही एकमेकींत मिसळतील आणि यादीत हिंगाच्या जागी भलतंच येईल. तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर हात मागे पडत नाही, डोकं आउटलाइन, म्हणजे शब्दाची आकृती, शोधत थांबतं. जिथे अडलास ते शब्द वेगळे काढ, एकेक ओळभर घोट, मग तोच उतारा पुन्हा घे. नवा उतारा लगेच नको. आणि एक शब्द सुटला तर सुटू दे, जागा सोडून पुढे जा. त्याच्या मागे लागलास की पुढचे पाच जातात.

जुनी_फाईल
कोर्टात स्टेनो होतो. ख, घ, भ यांना मी मूळ स्ट्रोकवर बारीक आडवी काट मारतो, तीही गोंधळाची शक्यता असेल तिथेच. ण वेगळा करूच नका. 'पानी' लिहिलं म्हणून तहान भागायची राहत नाही.

पण ताई, तुम्ही डॉक्टरांच्या सूचना लिहिता म्हणून मुद्दाम सांगतो, बॉलपेन वापरू नका. पिटमनने 1837 मध्ये पद्धत छापली तेव्हा टाकाने लिहायचे, निबवर दाब दिला की रेघ जाड. त्यावरच प-ब, त-द, च-ज, क-ग या जोड्या उभ्या आहेत. ताप, टोप, तूप यांचा सांगाडा एकच, पण ताप ओळीच्या वर, टोप ओळीवर आणि तूप ओळ छेदून, म्हणून स्वर न देताही वाचता येतात. 'ताप' आणि 'दाब' यांची मात्र जागाही तीच. फरक उरतो फक्त जाडीचा, आणि बॉलपेनमध्ये तो उडतो. रक्तदाबाच्या गोळीचं काय होईल बघा!

पेन्सिलवाली
माझं टोपणनाव वाचलंत ना? :) पण काट मारायची युक्ती छान, आजपासून सुरू.

गिरणगावकर
वडील गिरणीच्या ऑफिसात स्टेनो होते. त्यांच्या पाच-सहा वह्या माळ्यावर सापडल्या, सगळ्या शॉर्टहँडमध्ये. आईलाही वाचता येत नाहीत. कोणी वाचून देऊ शकेल का?

पेन्सिलवाली
प्रयत्न करते. फार आशा मात्र लावून बसू नका. ऑफिसच्या वह्या असतील तर बहुतेक 'डिअर सर' आणि सुताच्या गासड्याच निघतील. शिवाय प्रत्येकाचे स्वतःचे फ्रेज असतात, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. आधी दोन पानांचे फोटो टाका, एक वहीच्या सुरुवातीचं, एक मधलं. दिवसाउजेडी, सरळ वरून काढा आणि वहीच्या छापील ओळी दिसू द्या. फोटो उजळ करणारं ॲप लावू नका, त्यात बारीक रेघा उडतात. रेघांत जाड-बारीक असा फरकच नसेल तर ते कदाचित ग्रेग, म्हणजे शॉर्टहँडची दुसरी पद्धत, असेल. तिथे त आणि द रेघेच्या लांबीवरून ओळखतात, आणि ते मला येत नाही. तसं निघालं तर जुनी_फाईल, तुमच्या ओळखीत आहे का कोणी ग्रेगवालं?