आधी टाचेतले थेंब, मग जीनोम

सरकारने प्रत्येक नवजात बाळाचं जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे संपूर्ण डीएनएचं वाचन, करावं अशी एक सूचना आहे. ती चांगली आहे, पण क्रम मला वेगळा वाटतो: आधी टाचेतल्या रक्ताच्या साध्या चाचण्या, मग जीनोम. नवजात बाळांचं असंच सिक्वेन्सिंग करणाऱ्या न्यूयॉर्कच्या गार्डियन अभ्यासात पहिल्या सुमारे ४००० बाळांपैकी ३.७ टक्के पॉझिटिव्ह आली. त्यातली बहुसंख्य जी६पीडीच्या (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमच्या) कमतरतेची, आणि ती तर साध्या एन्झाइम चाचणीतही कळते! जन्मजात हायपोथायरॉइडिझममध्ये (थायरॉइड ग्रंथी कमी काम करते त्या आजारात) बहुतेक बाळांत जनुकीय दोष सापडतच नाही, रक्तातलं टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) मात्र वाढलेलं दिसतं. इथे इंदुरात माझ्या भाचीच्या लेकीचं निदान तसंच झालं. टाचेला टोचून फिल्टर पेपरवरच्या गोलांत रक्ताचे थेंब घेतले, मग शिरेतल्या रक्ताने खात्री केली. आता रोज सकाळी थायरॉइडची गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात. पोरीने छान बाळसं धरलंय. उपचार लांबले असते तर मेंदूची हानी भरून निघाली नसती.

सिक्वेन्सिंगचा खरा उपयोग रक्तातल्या रसायनांत खूण न सोडणाऱ्या आजारांत आहे, उदाहरणार्थ आनुवंशिक रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्यातला कर्करोग. तिथे ते जरूर हवं. पण अहवाल आल्यावर बाळाला शोधून परत बोलावणारं, आईवडिलांना नीट समजावणारं माणूस जिल्ह्यात नसेल तर नुसतं मशीन घेऊन काय करायचं? त्या माणसांसाठी आधी पैसा मागूया.